उत्तरेच्या अरण्यातून सायकलप्रवास

सायकल हे आपल्याकडे हौसेचे नव्हे, गरजेचे वाहन म्हणून रूढ झाले. सोलापुरात कापडगिरण्या जोरात चालत असत त्या काळी पाळी सुटल्याचा भोंगा झाला म्हणजे गिरणीच्या दारातून सायकलींचा एक लोंढाच बाहेर पडे. हँडलला डब्याची पिशवी, मागच्या कॅरिअरला एखादे मूल किंवा दळणाचे पीठ, आणि पायांत दिवसभराचा शीण. अशा त्या सायकलींचा पल्ला घरापासून गिरणीपर्यंतचा. फार झाले तर एखादा उत्साही गृहस्थ एकादशीच्या सुमारास सायकलीवरून पंढरपूर गाठून येई, आणि त्याचे कौतुक गल्लीत चार दिवस चाले. परंतु हेच दोन चाकांचे साधे यंत्र मनुष्यास कोठवर नेऊ शकते, याचा विचार करू लागले म्हणजे मन थक्क होते. जेथे शेकडो कोसांत गाव लागत नाही, जेथे भूमी बारा महिने आतून गोठलेली असते आणि जेथे रस्त्यावर माणसाऐवजी अस्वल भेटण्याचा संभव अधिक, अशा उत्तर गोलार्धातील अरण्यांतूनही सायकलस्वार गेले आहेत. विशेष असे की, २०१८ या एकाच वर्षी महाराष्ट्रातील दोघांनी असे प्रवास केले. एक नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ. दुसरी पुण्याची कु. वेदांगी कुलकर्णी.

सायकलवरून दूरदेशी जाण्याची कल्पना आपल्या प्रांताला नवी नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेसाठी सायकलीवर निघाले. बलुचिस्तान, इराण, इराक, इजिप्त, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश अशी वाट तुडवीत त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्च महिन्यात मुंबईस परतले. सुमारे ७१,००० किलोमीटरांचा तो प्रवास होता. त्यांनी लिहिलेल्या प्रवासवृत्तास पंडित जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. त्या काळी त्यांच्या सायकलींना गिअर नव्हते, नकाशे अपुरे होते आणि वाटेत पैसे धाडण्याची सोयही दुर्मीळ होती, हे ध्यानात घेतले म्हणजे आजच्या प्रवाशांच्या सोयी पाहून आपण त्यांचे श्रम कमी लेखण्याचे कारण नाही, तसेच त्या जुन्यांपुढे हे नवे काहीच नव्हेत असेही म्हणण्याचे कारण नाही. वाळवंटात तहान मारते. बर्फात थंडी मारते. दोन्हींचे गणित निराळे आहे.

हे गणित समजून घ्यावयाचे तर प्रथम पृथ्वीचा गोल समोर ठेवावा. सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १७ अंश ४० कलांवर आहे. येथून बोट सरळ वर सरकवीत ५५ अंशांच्या पुढे नेले म्हणजे पृथ्वीभोवती जणू हिरवा पट्टा बांधला आहे असे दिसते. नॉर्वे, स्वीडन व फिनलंडपासून निघून सारा सायबेरिया ओलांडून पॅसिफिक महासागरापर्यंत, आणि पुन्हा अलास्कापासून कॅनडाच्या पूर्व टोकापर्यंत हे अरण्य पसरले आहे. त्यास तैगा असे म्हणतात. पाइन, स्प्रूस, लार्च हे सूचिपर्णी वृक्ष आणि मधूनमधून पांढऱ्या सालीचे बर्च, एवढीच येथली मुख्य वृक्षसंपदा. आपल्या सह्याद्रीच्या रानात दहा पावलांवर दहा जातींची झाडे आढळतात. तैगात सायकलवरून दिवसभर गेले तरी तीच तीच झाडे रस्त्याच्या दोहो बाजूंस उभी असतात. या एकसारखेपणाचाही मनावर भार पडतो. डोळ्यांना काही नवे दिसले नाही म्हणजे आपण पुढे सरकतो आहो की नाही, याचीच शंका येऊ लागते.

या प्रदेशात दिवस व रात्र यांचा मेळही निराळा. सोलापुरात उन्हाळ्यातील मोठ्यात मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा, आणि हिवाळ्यातील लहानात लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. दोहोंत फरक अवघा दोन तासांचा. मॉस्कोला जूनमध्ये साडेसतरा तास उजेड असतो, आणि डिसेंबरात जेमतेम सात तास. म्हणजे उन्हाळ्यात जाणाऱ्याला वाटेल तितका वेळ सायकल चालविता येते, आणि हिवाळ्यात जाणाऱ्याला बराचसा प्रवास अंधारातच करावा लागतो. आपल्या दोघा प्रवाशांपैकी एकाच्या वाट्याला पहिली स्थिती आली, दुसरीच्या वाट्याला दुसरी.

डॉ. समर्थ यांचा प्रवास ही एक शर्यत होती. मॉस्कोपासून पॅसिफिकच्या काठावरील व्लादिवोस्तोक या बंदरापर्यंत सुमारे ९,१०० किलोमीटरांचे अंतर पंधरा टप्प्यांत आणि पंचवीस दिवसांत तोडावयाचे. आपल्या देशाची काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची लांबी ३,२१४ किलोमीटर मानतात. तिच्या जवळजवळ तिप्पट हे अंतर झाले! या मार्गाच्या सोबतीने सायबेरियातील प्रसिद्ध लोहमार्ग जातो. त्याचे काम १८९१ मध्ये सुरू होऊन १९१६ मध्ये पुरे झाले. मोटाररस्ता मात्र पुष्कळ मागाहून आला. चिता आणि खबारोवस्क या शहरांमधील सुमारे दोन हजार किलोमीटरांचा भाग असा दुर्गम होता की, एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तेथे सलग रस्ताच नव्हता. पलीकडे मोटार न्यावयाची असली तर ती आगगाडीवर चढवावी लागे. २००४ मध्ये तेथे खडीचा रस्ता झाला आणि २०१० मध्ये तो डांबरी झाला.

रस्ता बांधण्यास इतका विलंब का लागला, हे सांगण्याजोगे आहे. त्या भागात जमीन काही फुटांखाली कायमची गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा वितळतो आणि त्याचा चिखल होतो. त्यावर घातलेला रस्ता कोठे खचतो, कोठे फुगतो. सरळ वाटणारी सडक पाहता पाहता लाटांसारखी होते. काळे डांबर सूर्याची उष्णता शोषून घेते आणि खालचे बर्फ आणखी वितळविते. म्हणजे रस्ता स्वतःच स्वतःचा पाया पोखरतो. अशी भूमी असल्यावर वस्ती विरळ असावी यात नवल नाही. शर्यतीतील सर्वांत लांब टप्पा नेमका याच भागातील, चितापासून स्वोबोद्नी या गावापर्यंत, तेराशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा होता. हा टप्पा एका दमात संपवावयाचा असे. वाटेत क्षणभर डोळा लावावयाचा तो सोबतच्या मोटारीत.

होय, या शर्यतीत प्रत्येक स्पर्धकामागून त्याच्या साहाय्यकांची मोटार चालत असे. तीत अन्न, पाणी, औषधे, सुटे भाग सर्व काही असे. एवढ्यावरून हे काम सोपे होते असे कोणी समजू नये. या शर्यतीचा नियम मोठा कठोर होता. प्रत्येक टप्पा ठरलेल्या वेळी सुटे. जो आधीचा टप्पा लवकर संपवील त्याला मधला वेळ झोपेसाठी मिळे. जो उशिरा पोहोचेल त्याची झोप तेवढी कमी होई. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज अधिक त्यालाच ती कमी मिळावी अशी ही रचना होती, आणि एकदा मागे पडलेला मनुष्य दिवसेंदिवस अधिकच मागे पडत जाई. न झोपलेल्या माणसाची मान ताठ राहत नाही, पापण्या मिटतात, कधी कधी रस्त्यावर नसलेल्या वस्तू दिसू लागतात. डॉ. समर्थ स्वतः वैद्यकशास्त्राचे जाणते. आपल्या देहाचे काय चालले आहे हे त्यांना इतरांहून अधिक कळत असणार. आदल्या वर्षी, म्हणजे २०१७ मध्ये, अमेरिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी शर्यत त्यांनी एकट्याने पुरी केली होती, त्या अनुभवाचाही त्यांना उपयोग झाला असेल. मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे अंतर त्यांनी ठरल्या मुदतीत तोडले. असे करणारे ते पहिले भारतीय होत.

वाटेत बैकल सरोवर लागते, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. १,६४२ मीटर खोल असलेले हे जगातील सर्वांत खोल सरोवर. पृथ्वीच्या पाठीवर न गोठलेले जे गोडे पाणी आहे त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या एकाच सरोवरात साठला आहे. इर्कुत्स्कहून उलान-उदेकडे जाणारा रस्ता याच्या दक्षिण काठाने जातो. शर्यतीतील स्वाराला ते किती पाहावयास मिळत असे कोण जाणे! मला तरी असे वाटते की, बैकलच्या काठी जाऊन थांबता येऊ नये ही त्या शर्यतीतील सर्वांत मोठी शिक्षा होती.

आता वेदांगी कुलकर्णीच्या प्रवासाकडे वळू. ही मूळची पुण्याची. त्या वेळी इंग्लंडातील बोर्नमथ येथील विद्यापीठात शिकत होती. २०१८ च्या जुलै महिन्यात ऑस्ट्रेलियातील पर्थ येथून ती एकटी निघाली. हेतू पृथ्वीप्रदक्षिणेचा. सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा म्हणजे काय, याचेही काही नियम ठरलेले आहेत. सायकलवर किमान १८,००० मैल, म्हणजे सुमारे २९,००० किलोमीटर, अंतर कापले पाहिजे. दिशा आरंभापासून शेवटपर्यंत एकच, पूर्वेकडची किंवा पश्चिमेकडची, असली पाहिजे. समुद्र विमानाने वा जहाजाने ओलांडण्यास मुभा असते. जेथून निघाले तेथेच प्रवास संपला पाहिजे. आणि वाटेत पृथ्वीवरील परस्परांच्या बरोबर विरुद्ध अशा दोन स्थळांना स्पर्श झाला पाहिजे. हा शेवटचा नियम पाळणे वाटते तितके सोपे नाही. पृथ्वीचा बहुतेक भाग पाण्याखाली असल्यामुळे भूमीच्या विरुद्ध बाजूस प्रायः समुद्रच येतो. न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या परिसरातून पृथ्वीच्या मध्यातून आरपार सळई घातली, तर ती स्पेनमध्ये बाहेर निघते. म्हणून पुष्कळ प्रदक्षिणाकार हे दोन देश आपल्या मार्गात धरतात. वेदांगीच्या मार्गातही हे दोन्ही देश होते.

तिचा मार्ग असा: ऑस्ट्रेलियात पर्थ ते ब्रिस्बेन, मग न्यूझीलंड, तेथून कॅनडात व्हँकूव्हर ते हॅलिफॅक्स, पुढे आइसलंड, नंतर पोर्तुगालपासून स्पेन, फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन व फिनलंड या देशांतून रशिया, आणि शेवटी भारत. एकंदर १४ देश, सुमारे २९,००० किलोमीटर आणि १५९ दिवस. विमानप्रवासाचे व सक्तीने थांबण्याचे दिवस धरूनही सरासरी रोज १८० किलोमीटरांच्या वर पडते. सोलापूरपासून दौंडपर्यंत आगगाडीने जितके अंतर आहे, जवळजवळ तितके. आज सोलापूरहून निघून दौंडास पोहोचावयाचे, उद्या पुन्हा तितकेच, परवा पुन्हा तितकेच, असे पाच महिन्यांहून अधिक काळ करावयाचे. मागे मोटार नाही, बिऱ्हाड सायकलीवरच. सुमारे ऐंशी टक्के वाट तिने कोणाच्याही सोबतीवाचून काटली.

कॅनडात एक अस्वल तिच्या पाठीस लागले होते. ग्रिझली जातीचे हे अस्वल पूर्ण वाढले म्हणजे आपल्या अस्वलांच्या दुप्पट-तिप्पट वजनाचे होते आणि ताशी पन्नास किलोमीटरांच्या आसपास वेगाने धावू शकते. सामानाने लादलेली सायकल सपाट रस्त्यावर ताशी वीस-पंचवीस किलोमीटर जाते. तेव्हा पळून सुटू ही आशा व्यर्थ. उलट, पळणाऱ्या वस्तूमागे धावणे हा त्या प्राण्याचा स्वभावच आहे. म्हणून तेथील जाणते लोक सांगतात की, थांबावे, एकदम हालचाल करू नये, शांत आवाजात बोलत हळूहळू मागे सरावे. सायकलस्वाराची अडचण अशी की, त्याचे वाहन मुळीच आवाज करीत नाही. त्यामुळे वळणावर अस्वल आणि मनुष्य एकमेकांस अकस्मात दिसतात, आणि दचकलेले अस्वल हे भुकेल्या अस्वलाहून वाईट. यासाठी कित्येक प्रवासी सायकलीला घुंगरू बांधतात किंवा मोठमोठ्याने गात जातात. जवळ एक फवाऱ्याचा डबाही बाळगतात. त्यात काय असते? मिरचीचा अर्क! लवंगी मिरचीच्या फोडणीने सगळे घर खोकू लागते, हे आपणांस ठाऊक आहे. त्याच गुणाचा हा उपयोग. रात्री अन्न तंबूत ठेवावयाचे नाही, दूर झाडाला टांगावयाचे किंवा घट्ट झाकणाच्या पेटीत बंद करावयाचे; दंतमंजनसुद्धा त्याबरोबरच ठेवावयाचे, कारण अस्वलाच्या नाकाला तेही खाद्यच वाटते. वेदांगी त्या प्रसंगातून सुखरूप सुटली आणि पुढे गेली. गंमत म्हणावी की खेद करावा कळत नाही, पण याच प्रवासात चाकूचा धाक दाखवून तिला लुटण्याचा जो प्रसंग घडला तो अरण्यात नव्हे, स्पेनमध्ये, माणसांकडून घडला.

वाऱ्याविषयीही थोडे सांगावयास हवे, कारण अस्वल एखादे दिवशी भेटते आणि वारा रोज भेटतो. सायकल वेगाने चालविताना आपली बहुतेक शक्ती हवा बाजूस सारण्यातच खर्च होते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आपण ताशी वीस किलोमीटर वेगाने चाललो आहो आणि समोरून तितक्याच वेगाने वारा येत आहे असे समजा. आपल्या अंगावर येणाऱ्या हवेचा वेग दुप्पट, म्हणजे चाळीस झाला. परंतु अडथळा मात्र चौपट झाला. आइसलंडसारख्या उघड्या बेटावर, जेथे आडोशाला झाड नाही, तेथे वारा कधी सायकलसह माणसाला रस्त्याच्या कडेला लोटतो. शिवाय थंड हवा उष्ण हवेपेक्षा दाट असते. सोलापूरच्या ३५ अंशांच्या दुपारी जी हवा आपण कापतो तिच्यापेक्षा उणे २० अंशांची हवा सुमारे वीस टक्क्यांनी अधिक जड. म्हणजे उत्तरेकडील हिवाळ्यात वारा नसला तरी हवाच पाय ओढते.

वेदांगीला हिवाळ्यातून जावे लागले, हा काही तिचा मूळ बेत नव्हता. परवान्यांच्या अडचणी आल्या, दुखापती झाल्या, दिवस लांबत गेले, आणि ती युरोपच्या उत्तर भागात पोहोचली तेव्हा ऋतू पालटला होता. रशियात तिने बर्फावर तंबू ठोकून एकटीने कित्येक रात्री काढल्या. या एका प्रवासात उणे २० अंशांपासून ३७ अंशांपर्यंत सर्व प्रकारची हवा तिने सोसली.

थंडीत सायकल चालविण्यातील मुख्य संकट कोणते, असे विचारले तर बहुतेकजण 'थंडी' असे उत्तर देतील. खरे उत्तर 'घाम' असे आहे. पायडल मारीत असता देह तापतो, घाम येतो, कपडे भिजतात. स्वार थांबला, की तोच घाम गार पडून देहाची उष्णता भराभर ओढून घेतो. आपल्या सोलापुरी चादरीचा मला कितीही अभिमान असला तरी येथे कबूल केले पाहिजे की, सुती वस्त्र त्या प्रदेशात वैऱ्यासारखे वागते; ते पाणी धरून ठेवते आणि लवकर वाळत नाही. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देते. म्हणून अंगालगत पातळ लोकरीचा थर, त्यावर ऊब देणारा दुसरा, आणि सर्वांत वर वारा अडविणारा तिसरा, असे कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे कपडे घालतात. चढावर वरचा थर काढावयाचा, उतार लागण्यापूर्वी पुन्हा चढवावयाचा. दिवसातून वीस वेळा ही उठाठेव करण्याचा आळस जो करील त्याची धडगत नाही.

उताराचे कारण असे की, सायकलस्वार स्वतःचा वारा स्वतःच निर्माण करतो. हवा उणे १० अंश असून तीत ताशी २५ किलोमीटर वेगाने गेले, तर उघड्या त्वचेला ती उणे १९ अंशांसारखी बोचते. बोटे, कान व नाक ही प्रथम बधिर होतात, मग पांढरी पडतात. याला हिमदंश म्हणतात. बधिर बोट दुखत नाही, हेच त्यातील भय. दुखत नाही म्हणून मनुष्य निश्चिंत राहतो, आणि आत मांस गोठत असते. यासाठी हँडलच्या दोन्ही टोकांना जाड पिशव्यांसारखी आवरणे बांधतात आणि हात त्यांत घालून ब्रेक व गिअर चालवितात.

सायकलीलाही थंडी बाधते. चाकाच्या तुंब्यातील वंगण घट्ट होते. मागील चाकाच्या फ्री-व्हीलमधील घोडे चिकटून बसतात आणि पायडल नुसतेच गरगर फिरते. ट्यूबमधील हवा आकसते. बर्फावर घसरू नये म्हणून टायरला बारीक पोलादी खिळे बसविलेले असतात. बाटलीतील पाणी वरून गोठत येते, म्हणून कित्येक प्रवासी बाटली उलटी अडकवितात. बर्फ तळाकडे धरते आणि तोंड मोकळे राहते. किती साधी युक्ती! पण ती प्रथम कोणाला तरी तहानेने व्याकूळ झाल्यावरच सुचली असेल. दिव्याची व दूरध्वनीची बॅटरी थंडीत झटपट उतरते, म्हणून रात्री ती उबदार झोपपिशवीत अंगाजवळ घेऊन निजावे लागते. बूटही तेथेच घ्यावयाचे, नाहीतर सकाळी ते लाकडासारखे कडक झालेले असतात. अंगाखाली जाडसर चटई हवी, कारण वरून कितीही पांघरले तरी खालची भूमी उष्णता शोषीत राहते. आणि आपल्याच श्वासातील वाफ तंबूच्या आतून गोठते व पहाटे तिचा चुरा तोंडावर पडतो.

एवढ्या श्रमाला अन्न किती लागत असेल? साधारण प्रौढ माणसाला दिवसाकाठी दोन ते अडीच हजार उष्मांक पुरतात. दिवसभर सायकल हाकणाऱ्याला सहा ते आठ हजार, कधी त्याहूनही अधिक लागतात. आपल्या मालदांडी ज्वारीच्या एका भाकरीतून सुमारे दोनशे उष्मांक मिळतात असे धरले, तर रोज तीस ते चाळीस भाकरी खाव्या लागतील! इतके अन्न पोटात मावणार नाही आणि सायकलीवर लादताही येणार नाही. म्हणून स्निग्ध पदार्थांचा आश्रय करतात. एक ग्रॅम पिष्टापासून चार उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्धापासून नऊ. या हिशेबाने भुईमुगाचे दाणे फार मोलाचे ठरतात. शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेहून अधिक उष्मांक असतात. सोलापूरकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही शिदोरी दिवसचे दिवस टिकते, वजनाला हलकी असते आणि पाण्यावाचून खाता येते. आपल्या पूर्वजांनी ती उष्ण प्रदेशासाठी योजिली; पण शास्त्राच्या दृष्टीने पाहता ती सायबेरियातही तितकीच उपयोगी पडावी. तेथे चटणी गोठेल खरी, पण भाकरी मुळातच कडक असल्यामुळे तिला थंडीचे भय नाही!

सोलापूरच्या माणसाला उत्तरेकडील कडाक्याची थंडी अगदीच परकी आहे असेही नाही. येथेच १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि उत्तर चीनमधील डोंगराळ युद्धभूमीवर जखमींची शुश्रूषा करीत १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांचे कार्य निराळे, हेतू निराळा. परंतु उन्हात वाढलेला देह बर्फात कसा टिकतो, हा प्रश्न त्यांच्याही देहाने सोडविलाच होता. माणसाचे शरीर अशा बदलाला एकदम तयार होत नाही, पण काही आठवड्यांत पुष्कळ शिकते. आधी गोठणारे हात पुढे कमी गोठू लागतात, भूक वाढते, झोप पातळ होते.

वेदांगीच्या देहाला हे शिक्षण उलट दिशेनेही घ्यावे लागले. रशियातील बर्फ सोडून विमानाने ती भारतात आली आणि सुमारे चार हजार किलोमीटरांचा अखेरचा मोठा टप्पा तिने आपल्या देशात कापला. कालपरवापर्यंत जे तीन थर अंगावर होते ते गुंडाळून ठेवावे लागले. अस्वलाच्या ठिकाणी ट्रक, आणि निर्मनुष्य अरण्याच्या ठिकाणी गर्दी आली. २३ डिसेंबर २०१८ रोजी ती कोलकात्यास पोहोचली. त्या वेळी तिचे वय वीस वर्षांचे होते. वर्तमानपत्रांतून तिचे नाव झळकले, अभिनंदने झाली. परंतु जेथून निघाले तेथेच संपले पाहिजे, हा नियम पुरा व्हावयाचा होता. पर्थ येथे पंधरा किलोमीटर अद्याप उरले होते.